बोंडअळी, काळी माती आणि देवगांडूळ

कपाशी फुलावर आली की शेतात अधूनमधून एखादं फूल नीट उमललेलं दिसत नाही. पाकळ्यांची टोकं एकमेकींत अडकलेली, सबंध फूल पिळा दिल्यासारखं मिटलेलं. विदर्भात याला डोमकळी म्हणतात. पाकळ्या अलगद सोडवल्या तर आत अळी सापडते. तिनंच रेशमासारखे धागे काढून पाकळ्या शिवून टाकलेल्या असतात. ही हंगामातली गुलाबी बोंडअळीची पहिली पिढी. तिच्या पुढच्या पिढ्या बोंडात शिरतात आणि तिथं त्या दिसतच नाहीत. अंड्यातून नुकतीच निघालेली, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची अळी कोवळं बोंड पोखरून आत जाते. तिच्यामागे छिद्र बुजून जातं आणि ती सरकी खात आतल्या आत वाढते. बाहेरून बोंड हिरवं, टणक, निरोगी. ते फुटायला आलं की कळतं, उघडलंय अर्धवट आणि कापूस डाग पडून कवडी झालेला.

२०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात या अळीनं कपाशीची धूळधाण केली. पंचनामे झाले, भरपाईच्या घोषणा झाल्या. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे सगळं घडलं ते अळी मारण्यासाठीच बनवलेल्या बीटी कपाशीच्या शेतांत. त्या कपाशीत एक सोडून दोन विषं होती, तरीही.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाची सुरुवात या अळीपासून करण्याला कारण आहे. या वर्षात उत्क्रांती, परिस्थितिकी आणि सजीवांची विविधता असे तीन भाग असतात. बहुतेक महाविद्यालयांत ते तीन वेगळे विषय असल्यासारखे शिकवले जातात. विविधता म्हणजे नावांच्या आणि लक्षणांच्या याद्या, परिस्थितिकी म्हणजे अन्नजाळ्यांच्या आकृत्या, आणि उत्क्रांती शेवटी, वेळ उरला तर. विद्यार्थी तिन्ही पाठ करतात, उत्तीर्ण होतात आणि विसरतात. माझं ठाम मत आहे की हा एकच विषय आहे. एका बोंडात काय घडलं हे सांगायचं तर तिन्ही भाग एकदम लागतात, आणि एक वगळला की उरलेल्या दोघांचा अर्थ लागत नाही.

ते कसं, हे जरा सविस्तर पाहू.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू मातीत राहतो. त्याची काही प्रथिनं पतंगवर्गीय कीटकांच्या अळ्यांना मारक असतात. अळीच्या आतड्यातल्या पेशींवर ठरावीक जागा असतात, तिथं हे प्रथिन चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. अळी मरते. माणसाच्या, गुराच्या आतड्यात त्या जागाच नाहीत, म्हणून आपल्याला त्यापासून अपाय नाही. या प्रथिनाचं जनुक कपाशीत घालून केलेल्या वाणांना भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन विषांची जनुकं असलेले वाण आले. पुढच्या काही वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशीक्षेत्र बीटीखाली गेलं. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत पहिल्या विषाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी नोंदली गेली आणि २०१४ नंतर दोन्ही विषं पचवणारी.

गावात आणि वर्तमानपत्रांतही याचं वर्णन असं होतं की अळीला विषाची सवय झाली. उत्क्रांतीबद्दलचा बहुतेक गोंधळ या एका कल्पनेतून निघतो, म्हणून तिच्यापाशी थांबायला हवं. कुठल्याही एका अळीला कसलीही सवय झालेली नाही. विष चिकटण्याची जागा ज्यांच्या आतड्यात शाबूत होती त्या अळ्या मेल्या. काही मोजक्या अळ्यांमध्ये त्या जागेचं जनुक जन्मतःच बिघडलेलं होतं. कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाचं हे जनुक भारतातल्या शेतांमधल्या अळ्यांमध्ये एकाच तऱ्हेनं नव्हे, तर निरनिराळ्या तऱ्हांनी बिघडलेलं आढळलं आहे. एरवी असा बिघाड अळीच्या काही कामाचा नाही. बीटीच्या शेतात मात्र तो जीव वाचवतो. त्या अळ्या जगल्या, त्यांचे पतंग झाले, त्यांनी अंडी घातली. एकही अळी बदलली नाही. अळ्यांची वस्ती बदलली. डार्विननं १८५९ मध्ये जे मांडलं त्याचा गाभा एवढाच आहे. व्यक्तींमध्ये फरक असतात, ते फरक वारशानं पुढं जातात, आणि काही फरक असलेल्यांची संतती इतरांपेक्षा जास्त टिकते. या तीन गोष्टी जिथं असतील तिथं उत्क्रांती होणारच. ती रोखता येत नाही, तिचा वेग तेवढा कमी-जास्त करता येतो.

वेग कमी करण्याचा उपाय वैज्ञानिकांना आधीपासून माहीत होता. बिघडलेलं जनुक बहुधा अप्रभावी असतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तरच अळी विषातून वाचते. एकच प्रत बिघडलेली असेल तर मरते. आता समजा, वस्तीतल्या हजार प्रतींमागं एक बिघडलेली आहे. मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एक. शेतात सगळीकडे बीटीच असेल तर जगतील त्या अशाच दुर्मीळ अळ्या, आणि त्यांचे पतंग एकमेकांशीच जुळतील. पण बाजूला साध्या कपाशीच्या काही ओळी असतील तर तिथून विषाला बळी पडणारे हजारो पतंग बाहेर येतील. त्या दुर्मीळ पतंगाला जोडीदार मिळेल तो बहुतांशी यांच्यातला. त्यांच्या पोरांकडं बिघडलेली प्रत एकेकच येईल आणि ती बीटीवर मरतील. म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या सरकीचं १२० ग्रॅमचं पाकीट देत. ते बहुतेक ठिकाणी बांधावर पडून राहिलं. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण त्या ओळी म्हणजे अळीला मुद्दाम खाऊ घातलेलं पीक. नुकसान एकाचं, आणि फायदा साऱ्या तालुक्याचा, तोही पाच-दहा वर्षांनी. कर्जावर पेरणी करणाऱ्यानं एकट्यानं तो भार का उचलावा, याचं उत्तर बियाणं विकणाऱ्यांनी आणि धोरण ठरवणाऱ्यांनी द्यायला हवं होतं.

इथपर्यंत उत्क्रांती. पण याच कपाशीवर हिरवी बोंडअळीही येते. तिच्यावरही तीच विषं, तेवढाच काळ. मग बीटी कोसळलं ते गुलाबी बोंडअळीपुढं, हिरवीपुढं तसं का नाही? इथं परिस्थितिकी लागते. हिरवी अळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळीच. ती तूर, टोमॅटो, मका, ज्वारी आणि शंभराहून जास्त वनस्पतींवर जगते. बांधापलीकडची तूर तिच्यासाठी आपसूकच आश्रयाची ओळ ठरते. गुलाबी अळीचं आयुष्य जवळजवळ एकट्या कपाशीवर. आणि आपण तिला कपाशी किती काळ दिली? लांब मुदतीचे संकरित वाण, वर वेचणी संपल्यावर पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत राखलेली फरदड. एरवी थंडीत ती सरकीत किंवा मातीत सुप्तावस्थेत पडून राहते. फरदडीनं तिला बाराही महिने ताट वाढलं आणि एकाच वर्षात निवडीच्या आणखी दोन-तीन फेऱ्या घडल्या.

डिसेंबर-जानेवारीत शेत रिकामं करा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, जिनिंगमध्ये कामगंध सापळे लावा, मोसमी पाऊस येण्याआधी पेरू नका, या कृषी खात्याच्या सूचना वरवर किरकोळ वाटतात. प्रत्येकीमागं या अळीच्या जीवनचक्राचा एकेक दुवा तोडण्याचा हिशेब आहे. तो समजलेला विद्यार्थी ती सूचना वडिलांना पटवून देऊ शकतो.

एक गोष्ट मला स्वतःला फार विलक्षण वाटते आणि दुसऱ्या भागात तिच्यावर एक सबंध प्रकरण आहे. आपले बीटी वाण संकरित. अशा झाडात विषाच्या जनुकाची एकच प्रत असेल तर त्याच्या बोंडातल्या सरकीत मेंडेलचं ३:१ हे प्रमाण उतरतं. म्हणजे चारातल्या सुमारे एका सरकीत ते जनुक नसतं. सरकी खाणाऱ्या अळीला त्याच बोंडात विषारी दाण्याशेजारी बिनविषारी दाणा मिळतो, आणि एरवी मेली असती ती एकप्रती अळीही तगून जाऊ शकते. प्रतिरोध वाढायला हे पोषक. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात मात्र शेतकऱ्यांनी संकरित बीटीची दुसऱ्या पिढीची सरकी पेरली. तिथं तेच ३:१ प्रमाण झाडाझाडांत उतरलं. शेतातली सुमारे पाव झाडं बिनबीटी निघाली, आश्रयाच्या ओळी कुणी न लावता लागल्या आणि गुलाबी अळीतला प्रतिरोध मागं हटला. मेंडेलचा नियम तोच. एकदा तो बोंडाच्या आत लागू झाला, एकदा शेतात, आणि परिणाम उलटे झाले.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात बीटी कपाशी १९९६ मध्ये आली. तिथं आश्रयाच्या ओळी सक्तीच्या होत्या आणि त्या लावल्या गेल्या. दहा वर्षं अळी विषाला बळी पडतच राहिली. २००६ पासून प्रयोगशाळेत वाढवून किरणांनी वांझ केलेले पतंग विमानांतून सोडले गेले आणि २०१८ मध्ये या किडीचं देशाच्या कपाशीपट्ट्यातून निर्मूलन झाल्याचं तिथल्या कृषी खात्यानं जाहीर केलं. तीच अळी, तेच विष. यवतमाळचा आणि ॲरिझोनाचा निकाल वेगळा लागला तो जीवशास्त्र किती मनावर घेतलं गेलं यावरून. हे वाक्य मी फार विचार करून लिहितो आहे. दोन्हीकडची शेती सारखी नाही, दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याकडून शेकडो एकरवाल्यासारखी अपेक्षा करता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही जे टाळता आलं असतं ते टाळलं गेलं नाही, हे तितकंच खरं.

माणूसही या नियमांबाहेर नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण जास्त का, याचं उत्तर मलेरियात आहे. जनुकाची एक प्रत असलेल्याला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, दोन प्रती असलेल्याला आजार होतो. ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. पहिल्या भागाच्या सातव्या प्रकरणात हा विषय आहे.

आता त्या शेताच्या मातीकडं वळू. कपाशीची काळी माती बेसाल्टची झीज होऊन तयार झाली. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपानं थरावर थर वाहत आला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच थरांवर उभा आहे. त्याच्याखाली कुठं कुठं आधीचे गाळाचे खडक आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथं अशा खडकांतून डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. गवताच्या पानांत सिलिकाचे बारीक, ठरावीक आकाराचे कण असतात; पान कुजलं तरी ते कुजत नाहीत. तसे कण त्या विष्ठेत निघाले, आणि तेही गवतांच्या किमान पाच वेगवेगळ्या शाखांचे. हा शोध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर डायनोसॉर असेपर्यंत गवत नव्हतं असंच सगळे धरून चालत. ज्वारी, भात, ऊस आणि बांबू ज्या कुळातले, त्या कुळाच्या इतिहासाचं एक पान वरोऱ्याजवळ लिहिलेलं निघालं. चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला हे दहावीपर्यंत कुणी सांगत नाही, याचं मला दुःख वाटतं.

लाव्हा वाहत होता त्याच सुमाराला आणखी एक मोठी घटना घडत होती. भारताच्या पश्चिम बाजूचा एक तुकडा भारतापासून सुटत होता. मादागास्कर त्याच्या बरंच आधी वेगळं झालं होतं. आता सेशेल्स बेटांचा ग्रॅनाइट मागं राहिला आणि भारत उत्तरेकडं सरकत गेला. हे भूगोलाच्या पुस्तकात येतं. जीवशास्त्राच्या पुस्तकात ते यायला हवं ते देवगांडुळामुळं.

देवगांडूळ बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, आणि ज्यांनी पाहिलेलं असतं त्यांना ते काय होतं हे कळलेलं नसतं. पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी ओल्या मातीत, दगडाखाली ते सापडतं. वीतभर किंवा त्याहून लांब, करडं-जांभळं, अंगावर गांडुळासारखी वळी. हातात घेतलं तर मात्र गांडुळाचा मऊपणा नाही. आत कणा आहे, जबडा आहे, जबड्यात दात आहेत. डोळे कातडीखाली झाकलेले, काहींत तर कवटीच्या हाडाखाली. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या जागेत एक बारीक स्पर्शिका, जी मातीतला वास आणि स्पर्श टिपते. पाय नाहीत. हा साप नाही आणि गांडूळही नाही. बेडकासारखाच उभयचर आहे. जगात याच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. काहींच्या माद्या अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांची राखण करतात. केनियातल्या एका जातीची पिल्लं आईच्या अंगावरचा कातडीचा जाडसर, पोषक थर खरवडून खातात आणि आई तो पुन्हा तयार करते. आपल्याकडं बहुतेक वेळा या प्राण्याला साप समजून मारतात.

खंडाळ्याच्या नमुन्यांवरून एडवर्ड टेलर यांनी १९६० मध्ये एका देवगांडुळाचं वर्णन केलं. आंबोलीच्या एका जातीचं वर्णन वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलं. ही दोन्ही देवगांडुळं ज्या कुळात येतात त्याच कुळातली भावंडं राहतात सेशेल्समध्ये. मधे हजारो किलोमीटर समुद्र. उभयचराची कातडी पातळ आणि ओली असते, खारं पाणी तिला सोसत नाही. भर समुद्रात ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटांवर बेडूक जवळजवळ नसतातच, हे डार्विनच्याही ध्यानात आलं होतं आणि त्यानं ते पुस्तकात नोंदवलं होतं. मग सेशेल्सला हे गेले कसे? ते गेलेच नाहीत. जमीन गेली. ज्या जमिनीवर त्यांचे पूर्वज होते तीच दुभंगली. केरळात इडुक्कीत सापडलेल्या आणि २००३ मध्ये जगापुढं आलेल्या जांभळ्या बेडकाचे सर्वांत जवळचे नातेवाईकही सेशेल्सचेच.

विविधता शिकायची ती अशी. देवगांडुळाचं नाव, वर्ग, कुळ आणि चार लक्षणं पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, पण त्यातलं काहीच डोक्यात राहत नाही. पाय का नाहीत, डोळे का झाकलेले, हे मातीखालच्या राहणीवरून समजतं. ते आंबोलीत आणि सेशेल्समध्ये का, हे जमिनीच्या इतिहासावरून समजतं. ही दोन्ही उत्तरं मिळाली की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत.

म्हणून या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात सजीवांची मांडणी कप्प्यांत केलेली नाही, वंशवृक्षावर केलेली आहे. व्हिटाकर यांची १९६९ ची पंचसृष्टी अजूनही अभ्यासक्रमात आहे आणि ती दिली आहे, कारण परीक्षेत विचारतात. पण तिच्यात आदिजीवांची सृष्टी म्हणजे कुठंच न बसणाऱ्यांची अडगळ आहे, हेही स्पष्ट सांगितलं आहे. कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये जिवाणूंसारखे दिसणारे पण मुळातच वेगळे असे आर्किया दाखवून दिले, तेव्हाच जुनी मांडणी डळमळली. वंशवृक्षावर नजर टाकली की पहिल्याच तासाला तीन धक्के बसतात. आळंबी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. लंगफिश बांगड्यापेक्षा म्हशीचा जवळचा नातेवाईक आहे. मगर पालीपेक्षा पक्ष्यांच्या जवळची आहे. विद्यार्थ्यांनी या धक्क्यांवर वर्गात वाद घालावा, पुरावा मागावा. शिक्षकांना विनंती आहे की तो वाद वेळ नाही म्हणून थांबवू नका.

परिस्थितिकीचा दुसरा मोठा धडा आहे सड्यांचा. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्या दगडाची सपाट पठारं आहेत. त्यांतलं साताऱ्याचं कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, म्हणून फुलांच्या मोसमात तिथं गर्दी लोटते. पण गर्दीच्या फोटोंत न येणारी गोष्ट इंचभर उंचीची असते. पाऊस स्थिरावला की सड्यावरच्या पाणथळ जागी सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, नखाएवढी. फूल सुंदर दिसतं, पण ही वनस्पती शिकार करते. मातीतल्या तिच्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून चेपून बसते. एखादा सूक्ष्म जीव तिच्या तोंडाशी आला की झाकण उघडतं, पाणी आत ओढलं जातं आणि त्याबरोबर तो जीवही. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडून जातं. तिच्याशेजारी ड्रोसेरा, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारा. डार्विननं या वनस्पतींवर १८७५ मध्ये सबंध पुस्तक लिहिलं.

शिकार का करावी लागते? जांभ्यातून पावसानं नत्र धुऊन नेलेलं असतं आणि उरलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमनं घट्ट धरून ठेवलेलं असतं. मग प्रश्न उलटा येतो की सगळ्याच झाडांनी शिकार का करू नये? टॉमस गिव्हनिश यांनी १९८४ मध्ये याचा जमाखर्च मांडला. सापळे बनवायला खर्च येतो आणि सापळ्याचं पान उन्हातून अन्न तयार करण्यात कच्चं पडतं. तो खर्च परवडतो तो ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि माती निकस अशाच जागी. पावसाळ्यातला सडा नेमका तसा आहे. आठ महिने हाच सडा तापून तव्यासारखा होतो आणि जे काही जगतं ते बी, कंद किंवा अंडी होऊन फटींत वाट पाहतं.

सातबाऱ्यावर मात्र असा सडा पोटखराब्यात जातो. तिथं पिकत नाही म्हणून तिथं काही नाही, असं धरून सुरुंग लावले जातात, जांभ्याच्या खाणी निघतात, बाहेरची माती भरून हापूसची कलमं लागतात. कोकणातल्या माणसानं बाग लावू नये असं मी म्हणणार नाही. कुठला सडा फोडायचा आणि कुठला राखायचा हे ठरवताना तिथं काय राहतं ते माहीत असलेला एक तरी माणूस ग्रामसभेत असावा, एवढंच म्हणणं आहे. तो माणूस या पुस्तकाच्या वाचकांतून यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या माळरानांचीही हीच कथा. झाडं नाहीत म्हणून पडीक ठरवलेली ती जमीन माळढोकाचं, लांडग्याचं आणि असंख्य गवतांचं घर आहे, आणि तिथं खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे वनीकरण नव्हे, एका परिसंस्थेची मोडतोड आहे.

हे पुस्तक मराठीत का, असं विचारणारे भेटतात. पदवीला परीक्षा बहुधा इंग्रजीत असते, मग कशाला, असं त्यांचं म्हणणं. माझं उत्तर असं की घरातल्या कपाशीवर अळी पडलेली असताना तिचं जनुकशास्त्र ज्या मुलीला येतं, तिला ते आईवडिलांना, शेजाऱ्याला, ग्रामसेवकाला सांगता आलं पाहिजे. सांगता न येणारं ज्ञान गुणपत्रिकेपुरतं उरतं. शास्त्रीय संज्ञा जिथं मराठीत रुळल्या आहेत तिथं मराठी वापरल्या आहेत, जिथं नाहीत तिथं इंग्रजीच देवनागरीत लिहिल्या आहेत. ओढूनताणून घडवलेली संज्ञा कुणी बोलत नाही.

उत्क्रांतीला या पुस्तकात पहिली आणि सर्वांत मोठी जागा दिली आहे, त्यालाही एक ताजं कारण आहे. एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी सह्या करून त्याविरुद्ध पत्र लिहिलं. अकरावीला विज्ञान न घेणाऱ्या मुलांसाठी दहावी ही या विषयाची शेवटची भेट असते, म्हणून हे नुकसान मोठं आहे. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र आनुवंशिकता व उत्क्रांती हा दुसऱ्या भागातला पहिलाच पाठ आहे. ज्यांनी तो ठेवला त्यांचे आभार मानायला हवेत. तरीही महाविद्यालयात दोन्ही मंडळांची मुलं एकाच बाकावर बसतात, त्यामुळं पहिली तीन प्रकरणं काहीही गृहीत न धरता लिहिली आहेत. ज्यांना ती सोपी वाटतील त्यांनी थेट चौथ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

शेवटी कामाचं. प्रत्येक भागाच्या अखेरीस प्रश्न आहेत, पण खरा अभ्यास बाहेरच्या नोंदींचा आहे आणि तो उशिरा सुरू केला तर वर्ष वाया जातं. सडा, माळरान, नदीकाठ, नाहीतर गावाबाहेरचं गायरान, जे जवळ असेल ते निवडा. जूनच्या पहिल्या पावसाआधी तिथं एक मीटर लांब-रुंद चौकोन आखून कोपऱ्यांना दगड ठेवा आणि कोरड्या जमिनीचा फोटो काढा. मग ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला त्याच चौकोनातली प्रत्येक वनस्पती मोजा. नाव ठाऊक नसेल तर क्रमांक द्या आणि चित्र काढा. नावं शोधायची रीत तिसऱ्या भागात आहे, तोवर क्रमांकानं काही अडत नाही. शक्य असेल तर गुरं चरतात तिथं एक आणि ती पोचत नाहीत तिथं एक, असे दोन चौकोन घ्या. दुसऱ्या सत्रातल्या तुलनेच्या तक्त्याला दोन्ही लागतील.